दुकानात प्रवेश आहे, पण सेवा आहे काय?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ चा दुसरा खंड आपल्या समाजातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांपासून दूर ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. चवदार तळ्याच्या काठी २० मार्च १९२७ रोजी जे मागितले गेले, तेच पुढे संविधानात उतरले. परंतु या तरतुदीतील 'दुकान' या साध्या शब्दावर संविधान सभेत काय घडले, हे फारसे सांगितले जात नाही. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत प्रश्न निघाला की, कपडे धुण्याचे दुकान किंवा केशकर्तनालय या शब्दात येते काय? परमपूज्य बाबासाहेबांनी त्यावर खुलासा केला की, दुकान हा शब्द निव्वळ आत शिरण्याची मुभा एवढ्या तोकड्या अर्थाने घेतलेला नाही. तेथे मिळणारी सेवा मागण्याचा हक्क, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. उंबरठ्याच्या आत उभे राहू दिले, पण वस्तरा हाती धरला नाही, तर तो प्रवेश काय कामाचा?

हा खुलासा आज आठवण्याचे कारण आमच्या विहारातील एका उपासिकेचा अनुभव आहे. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो स्वमग्न, म्हणजे ज्याला डॉक्टर मंडळी ऑटिझम म्हणतात त्या प्रकारातला. बोलतो थोडे, पण नागपूरच्या सिटी बसचे क्रमांक आणि मार्ग त्याला आपल्यापेक्षा चांगले पाठ आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी पांढरा सदरा घ्यावा म्हणून माय-लेक सायंकाळी बाजारात गेले. रस्त्यावर फेरीवाल्यांचे ध्वनिमुद्रित पुकारे, दुचाकींचे भोंगे, दुकानात वर लखलखीत दिवे, खाली गर्दी. मुलाने कान झाकले, मग खाली बसला, मग ओरडू लागला. चार माणसे जमली आणि दोघांनी मोबाईल काढले. दुकानदार म्हणाला, "ताई, असं पोरगं बाजारात आणता तरी कायले? घरीच ठेवत जा ना."

त्या दुकानात गल्ल्याच्या मागे बाबासाहेबांचे आणि तथागतांचे छायाचित्र आहे. दुकानदार आपलाच आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तो वाईट माणूस नाही. वर्गणी मागायला गेलो तर कधी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. पण जे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकले, तेच त्या माउलीने त्या छायाचित्रांसमोर ऐकले, हे आम्हांला टोचते. त्यानंतर कितीतरी महिने त्या बाई मुलाला घेऊन बाजारात गेल्या नाहीत.

मुलाला नेमके काय झाले, हे आधी समजून घेऊ.

माणसाचा मेंदू डोळे, कान, नाक, त्वचा यांतून येणाऱ्या संवेदना सतत चाळत असतो. बाजारात उभे असताना आपल्याला मागच्या भोंग्याचा आवाज, पंख्याची घरघर, सदऱ्याच्या कॉलरची टोचणी हे सगळे मिळत असते, पण मेंदू त्यातले बहुतेक बाजूला सारतो आणि आपण भाव विचारू शकतो. काही माणसांमध्ये ही चाळणी जन्मतःच वेगळी असते. सगळे आवाज सारख्याच जोराने आत येतात. दुकानदाराचा प्रश्न आणि पलीकडच्या गाडीवरचा 'सौ के तीन' हा पुकारा यांत मेंदू निवड करू शकत नाही. काही वेळ माणूस तग धरतो. मग बांध फुटतो, किंवा उलट तो अगदी गप्प होऊन दगडासारखा उभा राहतो. याला हट्ट म्हणणे चूक आहे. हट्टी मूल हवे ते मिळाले की थांबते. या मुलाला त्या क्षणी खेळणे दिले काय किंवा धपाटा दिला काय, भार कमी झाल्याशिवाय ते थांबू शकत नाही.

अशी वेगळी जडणघडण एकाच प्रकारची नसते. स्वमग्नता आहे. लक्ष न टिकणे व अतिचंचलता आहे, ज्यात माणूस रांगेत पाच मिनिटे उभा राहू शकत नाही किंवा घेतलेले सामान गल्ल्यावरच विसरून येतो. डिस्लेक्सिया आहे, ज्यात फलकावरची अक्षरे जुळत नाहीत. आकड्यांचा गोंधळ होणारे आहेत. त्यांना सुटे पैसे मोजताना मागच्या गिऱ्हाइकाची घाई सोसवत नाही. या सगळ्यांना मिळून अलीकडे 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. मराठीत वेगळ्या मेंदू-घडणीची माणसे म्हणता येईल. 'स्वमग्न' हा शब्दही आम्हांला पुरता पटत नाही. ज्या मुलाला भोवतालचे सगळे नको तितके ऐकू येते, त्याला स्वतःत मग्न कसे म्हणावे? पण शब्द रूढ झाला आहे. आपल्या वस्तीत वापरले जाणारे 'पागल' आणि 'येडा' हे शब्द मात्र आजपासून बंद झालेले बरे.

यात आईबापाचा दोष नसतो. आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, हा जुना समज खोटा ठरला आहे. लसीमुळे होते म्हणणारा १९९८ सालचा इंग्लंडमधील निबंध तर तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. मागच्या जन्मीचे पाप वगैरे बोलणाऱ्यांना बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात जागा नसावी, एवढेच.

आपल्या परंपरेत चुल्लपंथकाची कथा आहे. थोरला भाऊ महापंथक विद्वान भिक्खू होता. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. नवी ओळ घेतली की जुनी जाई. शेवटी भावानेच त्याला संघातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याला दारात गाठले, एक स्वच्छ कापडाचा तुकडा हातात दिला आणि तो चोळत बसायला सांगितले. हाताने चोळता चोळता कापड मळले, आणि त्या मळक्या कापडावरून अनित्यता त्याच्या ध्यानात आली. तो अर्हत झाला. कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या बुद्धीने घ्यावा. आम्हांला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तथागतांनी चुल्लपंथकाची बुद्धी बदलली नाही, शिकवण्याची रीत बदलली. बाहेर काढणारा सख्खा भाऊ होता, हेही विसरू नये.

बाजाराची रीत बदलता येते काय? इतर देशांत हे करून पाहिले गेले आहे. ऑस्ट्रेलियातील कोल्स या दुकानसाखळीने २०१७ मध्ये तेथील ऑटिझम संस्थेच्या सल्ल्याने काही दुकानांत मंगळवारी सकाळी १०.३० ते ११.३० हा शांत तास सुरू केला. त्या तासात दिवे मंद, रेडिओ अगदी हळू, बिलाच्या यंत्राचा टकटकाट कमी, ढकलगाड्या गोळा करण्याचा खडखडाट बंद. आयर्लंडमधील क्लोनाकिल्टी हे छोटे गाव २०१८ मध्ये त्या देशातले पहिले ऑटिझम-स्नेही गाव म्हणून ओळखले गेले. तेथे एका दुकानापुरते काम न ठेवता दुकानदार, शाळा, दवाखाने यांनी मिळून माहिती घेतली. आपल्याला कोल्सपेक्षा क्लोनाकिल्टीचा धडा अधिक उपयोगी आहे.

कारण आपला बाजार चार भिंतींचा नाही. नागपुरात वस्त्यांची नावेच बाजारवारांवरून पडली आहेत: इतवारी, मंगळवारी, बुधवारी. सीताबर्डीच्या मेन रोडवर दुकान कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. एका कापडवाल्याने आपला रेडिओ बंद केला, तरी दारासमोरच्या तीन गाड्यांवरचे पुकारे आत येणारच. म्हणून आपल्याकडे हे काम एकेका दुकानाचे होऊ शकत नाही. निदान एका ओळीने, एका गल्लीने ते मिळून ठरवावे लागते, आणि त्यात फेरीवाल्यांना पहिल्या दिवसापासून बसवावे लागते. फेरीवाला आपलाच माणूस आहे. पुकारा बंद म्हणजे त्याची भाकरी बंद, असे त्याला वाटले तर योजना तिथेच बुडाली. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात. विषय मांडण्याची ती रीतसर जागा आहे.

आवाजाच्या बाबतीत कायदाही हाताशी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. पण आम्ही पोलिसांत धावा असे सुचवत नाही. पुकाऱ्याच्या भोंग्याऐवजी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत भाव लिहिला, तर फेरीवाल्याचा घसाही वाचतो आणि ज्याला ऐकून समजत नाही त्याला वाचून समजते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी नोटेचे चित्र काढावे. येथे एक कबुली दिली पाहिजे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण जो डीजे लावतो, त्याने याच मुलांचे काय होत असेल, याचा विचार आमच्या मंडळाने यापूर्वी कधी केला नव्हता. बाजाराला शहाणपण शिकवताना हे लपवणे बरे नव्हे.

आता दुकानाच्या आत येऊ. फिरताना आमच्या ध्यानात आले की खर्चाची गोष्ट जवळजवळ एकच आहे, ती दिव्यांची. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्याला ते दिसत नाही, पण काहींना जाणवते व डोके दुखते. स्वस्त एलईडीसुद्धा कधीकधी असेच करतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिले आणि पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा लुकलुकतो असे समजावे. सगळे बदलणे जमत नसेल तर निदान एक कोपरा मंद ठेवावा. उरलेले सगळे फुकट आहे. पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा गल्ल्यावरचा तो छोटा डबा हळू करता येतो. उदबत्ती दाराशी न लावता आत लावता येते. फिनाइल दुकान उघडण्याच्या बऱ्याच आधी मारता येते. एक स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवता येते. आणि मांडणी दर महिन्याला बदलू नये. साबण ज्या फळीवर होता तेथेच सापडणे, हा कित्येकांच्या दृष्टीने दुकानात पुन्हा येण्याचा मोठा आधार असतो.

कपड्याच्या दुकानाबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण आमच्या उपासिकेची अडचण तेथलीच. नव्या कडक सुती कापडाची खळ, मानेमागचे लेबल, आतली शिवण ही काही मुलांना काट्यासारखी बोचते. तेथे दुकानात घालून पाहा म्हणणे व्यर्थ आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन मापांचे सदरे घरी नेऊ द्यावेत, धुऊन मऊ झालेला एक नमुना हाताला लावून पाहायला ठेवावा, आणि लेबल कात्रीने काढून दिले म्हणून परत घेण्यास नकार देऊ नये. भाव लिहिलेला व एकच असावा. घासाघीस हा आपल्याकडे अर्धा खेळ असतो, पण ज्याला बोललेल्या शब्दाचा सरळ अर्थच कळतो, त्याला "शेवटचा भाव" सांगून मग आणखी वीस रुपये कमी करणारा दुकानदार खोटे बोलतो असेच वाटणार. खरे म्हणजे त्याचे बरोबरच आहे. सम्यक आजीविका म्हणजे याहून निराळे काय असते?

बोलण्याची रीतही शिकावी लागते. एक प्रश्न विचारून थांबावे, मनात दहापर्यंत मोजावे. उत्तर येत नाही म्हणून तोच प्रश्न मोठ्याने विचारू नये, कारण समोरचा बहिरा नाही. डोळ्यांत डोळे घालून बोल असा आग्रह धरू नये. पाठीवर थोपटू नये. सोबत आई असली तरी मोठ्या मुलाला "याला कोणता रंग पाहिजे?" असे आईकडे पाहून न विचारता, त्यालाच विचारावे. आणि कधी बांध फुटलाच, तर गर्दी हटवावी, जवळचा पंखा-दिवा बंद करावा, मोबाईल खिशात ठेवावेत व सोबतच्या माणसाला एकदाच हळू विचारावे की काय मदत हवी. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे हे फिटच्या बाबतीतही चूकच आहे. येथे तर त्याने त्रास दुप्पट होतो.

शांत तासाबद्दल आमच्या सभेत बराच वाद झाला, तो येथे नोंदवतो. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, "वेगळा तास म्हणजे वेगळी कपबशी नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे. उद्या एखादा दुकानदार म्हणू लागला की तुमची वेळ मंगळवारी सकाळची, आज सायंकाळी कशाला आलात, तर आपण नवा वेगळा पाणवठा खोदला असे होईल. शेवटी असे ठरले की शांत तास सर्व गिऱ्हाइकांसाठीच असावा, फलकावर कोणत्याही दिव्यांगत्वाचे नाव नसावे, कोणाकडे प्रमाणपत्र मागू नये, आणि दिवे, भाव, बोलणे या गोष्टी दिवसभर तशाच राहाव्यात. म्हाताऱ्या माणसांना, तान्ह्या मुलांच्या आयांना हा तास आवडतोच. ओळख सांगणाऱ्या गळ्यातील पट्ट्याबाबतही असेच झाले. २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलांची चित्रे असलेला हिरवा पट्टा सुरू झाला. तो घातला की कर्मचाऱ्यांना कळते की या प्रवाशाला अधिक वेळ द्यावा. पट्टा ज्याच्या त्याच्या मर्जीचा आहे आणि अनेकांना त्याचा उपयोग होतो. पण गळ्यात मडके अडकवल्याची आठवण ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या जपली आहे, तेथे गळ्यात काही घाला म्हणण्यापूर्वी दहादा विचार करावा, असे आमचे मत पडले.

कायद्याची बाजू समाजबांधवांनी जरूर जाणून घ्यावी. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात प्रकार २१ झाले, आणि स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. अतिचंचलतेचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, ही उणीव आहे. या अधिनियमात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोक जेथे व्यापारासाठी जातात ती खासगी इमारतही त्यात येते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत.

कलम ९२ मात्र प्रत्येकाने मूळ कायद्यातून वाचावे. लोकांच्या देखत दिव्यांग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने तिचा अवमान केला किंवा तिला धाकदपटशा दाखवला, तर कमीत कमी सहा महिने व जास्तीत जास्त पाच वर्षे कारावास आणि दंड आहे. ही भाषा ओळखीची वाटते ना? १९८९ च्या अट्रॉसिटी कायद्यातील जातीवरून अवमान करण्याबद्दलच्या तरतुदीची शब्दरचना आणि शिक्षेची मुदत जवळपास हीच आहे. ज्या ढालीसाठी आपल्या माणसांनी रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या, तीच ढाल आता या मुलांच्या हातीही आली आहे. तिच्या दुसऱ्या बाजूला आपण उभे नसावे. त्या दुकानदाराला आम्ही हे कलम वाचून दाखवले, ते धमकी म्हणून नव्हे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं मी त्या बाईची सोयच सांगून राहिलो."

सध्या त्याच्या ओळीतील पाच दुकाने आणि समोरचे दोन फेरीवाले मंगळवारी दुकान उघडल्यापासूनचा पहिला तास पाळतात. त्या वेळी विहाराचा मागचा हॉल उघडा असतो. तेथे पंखा, पाण्याचा माठ, चटई आहे आणि ध्वनिवर्धक नाही. ज्याला गर्दी सोसवली नाही त्याने येऊन बसावे, कोणी काही विचारणार नाही. दुकानांच्या आतली छायाचित्रे आमच्या एका युवकाने काढून ठेवली आहेत. बाजारात जाण्यापूर्वी मुलांना ती दाखवता येतात, म्हणजे तेथे काय दिसणार हे आधीच कळते. पाहिजे असल्यास कार्यालयातून घेऊन जावीत. रस्त्यावरच्या भोंग्यांचे काय करावे, हे अजून सुटलेले नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या लाखोंच्या गर्दीत, पुस्तकांच्या दुकानांपाशी हे कसे जमवावे, तेही आम्हांला अद्याप सुचलेले नाही.

त्या मुलाचा सदरा मंगळवारी घेतला गेला, दोन वेळा घरी नेऊन, लेबल काढून. मुख्य दिवशी तो दीक्षाभूमीवर गेला नाही. तीन दिवसांनी सकाळी, मंडप उतरवणे चालू असताना, आई त्याला घेऊन गेली. पुस्तकांची शेवटची दोन दुकाने बांधाबांध करीत होती. त्याने एक नकाशाचे पुस्तक उचलले, त्यावरची किंमत वाचली आणि मोजून तेवढे पैसे दिले.